शर्ट वाळेपर्यंत

गाठोडं घेऊन माहेरी आलेल्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने कॉलनीच्या फाटकावरचा पहारेकरी चिमणीकडे बघत राहिला. पन्नाशी उलटलेली, अंगाने चांगली भरलेली, धापा टाकणारी ही बाई नवऱ्याशी भांडून आली आहे, अशी त्याने मनाशी खात्री करून घेतली आणि सहानुभूतीने फाटकाची दोन्ही दारं उघडली. एरवी तो एकच उघडत असे.

गाठोड्यात तिचे कपडे नव्हतेच. इस्पितळाच्या चादरी होत्या. नवरा बिचारा धरणाखालच्या गावात, त्यांच्या लॉन्ड्रीत, उरलेल्या चादरींसमोर डोक्याला हात लावून बसला होता. मशीनमध्ये टाकताना चादर पांढरी असे, काढताना फिक्या चहासारखी. ब्लीच टाकून डाग घालवावा म्हटलं, तर फिका चहा कडक होई. पाइपात बोट घातलं की काळा, बुळबुळीत थर नखात येई. हॉटेलवाले आधीच सोडून गेले होते. उरलं होतं एक इस्पितळ, आणि तिथल्या भांडाराच्या बाईंनी परवाच स्वच्छ सांगितलं होतं, "डाग पाण्याचा आहे की तुमच्या हाताचा, ते मला कळलं पाहिजे. सभेला मी येणार आहे. तिथे पाणी चांगलं ठरलं, तर काम दुसऱ्याला देईन."

सभाही मोठी मजेची होती. खालच्या गावाने धरणाच्या मंडळाकडे तक्रार केली होती, की नदीला नासक्या अंड्याचा वास येतो, भांडी काळी पडतात, मासे पोट वर करून तरंगतात. मंडळाने तक्रारीची गंभीर दखल घेतली. म्हणजे काय केलं, तर धरणाच्या वाढदिवसाच्या समारंभातच तिची सुनावणी बसवून टाकली. वेगळ्या खुर्च्या नकोत, वेगळा चहा नको. आणि निवाडा कुणी करायचा? प्रयोगशाळेने? छे! ज्यांनी धरण बांधलं ते धरणसाहेब, म्हणजे चिमणीचे वडील, सगळ्यांसमोर एक पेला पाणी पितील आणि काय ते सांगतील. त्यांच्या जिभेवर मंडळाचा पूर्ण विश्वास होता. ती जीभ इतकी वर्षं एकच शब्द बोलत आली होती.

तो शब्द ज्या नळापाशी पहिल्यांदा बोलला गेला, तो नळ बंगल्याच्या अंगणात अजून होता. चिमणी त्याच्यासमोर जरा थांबली. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, बाबांचे केस काळे होते आणि आई नव्या साडीत मागे उभी होती. बाबांनी पेला तोंडाला लावला, घटाघटा संपवला आणि "गोड!" म्हणून असं गरजून सांगितलं, की फोटोवाल्याचा हात हलला. त्या दिवसापासून घरात काहीही झालं की सगळे नळापाशी. सून आली, पाज नळाचं पाणी. जावई आला, पाज नळाचं पाणी. पिणाऱ्याने "गोड" म्हणायचं, मग घरात यायचं. कॉलनीतली पोरं आई-बाबा म्हणायच्या आधी "गोड" म्हणायला शिकली. चिमणीच्या नवऱ्यानेही नवरदेवाच्या पोशाखात हसत हसत "गोड" म्हटलं होतं आणि रात्री हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडे अंडी नळात ठेवतात का गं?"

तेव्हा तो वास फक्त उन्हाळ्यात यायचा. थोरल्या भावाच्या, दादाच्या कारकिर्दीत तो बारमाही झाला.

जेवणघरात दादा आणि धाकटा भाऊ दोघेही चहा घेत बसले होते. दादा वीजघराचा मुख्य. त्याचा पांढरा शर्ट असा कडक आणि लखलखीत, की त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत. धाकटा पाणी गाळायची मशीनं विकायचा. त्याला सगळ्यांशी गोड बोलायची सवय लागली होती आणि त्यामुळे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे.

"आजच्या दिवशी, चिमणे?" दादाने गाठोड्याकडे पाहूनच कपाळाला आठी घातली. "मंडळाचे साहेब येणार आहेत."

"म्हणून तर आज आले." तिने गाठोडं टेबलावर ठेवलं.

"अगं, टेबलावर कसले ते कपडे!"

"का? तुझ्या पाण्यात धुतलेत. तुझं पाणी स्वच्छ आहे ना?"

धाकटा खुदकन हसला. दादाने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने हसू चहात बुडवलं.

"हे बघ," दादा समजावणीच्या सुरात म्हणाला. हा सूर त्याने लहानपणापासून जपला होता. तिच्या बाहुलीचा पाय मोडला तेव्हाही त्याने याच सुरात दोष बाहुलीचा असल्याचं सांगितलं होतं. "पाण्यात थोडं लोखंड, थोडं मँगनीज असतंच. निसर्ग आहे. त्याला धरण काय करणार?"

"निसर्ग तुझ्या खालच्या दारातून बाहेर येतो, दादा. वरचं दार उघड, एवढंच मागतेय. आई शप्पथ, दुसरं काही नको."

धरणाच्या भिंतीत पाणी घ्यायची दोन दारं होती. एक वर, जिथे पाण्याला ऊन-वारा लागतो. दुसरं तळाशी, जिथे बुडालेलं जंगल वर्षानुवर्षं कुजत पडलं होतं आणि जिथल्या पाण्यात मासासुद्धा श्वास घेत नव्हता. बाबांनी दोन्ही मुद्दाम ठेवली होती. वरचं दार दादाच्या ताब्यात आल्यावर कचरा अडकतो म्हणून एकदा बंद झालं, मग राहू दे म्हणून बंद राहिलं, आणि आता तर गंजून भिंतीचाच भाग झालं होतं.

"दार उघडायला वीजघर थांबवावं लागेल," दादा म्हणाला. "वर काय उत्तर देऊ? बहिणीच्या चादरींसाठी थांबवलं?"

"तू बोल ना रे!" चिमणी धाकट्याकडे वळली. "खालच्या गावात दारोदार फिरतोस. पाणी वाईट आहे असं सांगून मशीन विकतोस. मग सभेत सांग."

"ताई, तू भावनेच्या भरात बोलतेस," धाकटा म्हणाला. "माझा धंदा समजून घे. पाणी वाईट असावं, पण तसं कुणी म्हणू नये. मंडळाने वाईट म्हटलं तर मंडळच पाणी सुधारायला बसेल. मग मी काय विकू?"

"आणि सुधारलं नाही तर मी काय धुऊ?"

"तू माझं मशीन घे. बहीण म्हणून स्वस्तात देतो."

तेवढ्यात काठीचा आवाज आला आणि तिघेही लहान झाले. बाबा आले. ऐंशी ओलांडली तरी पाठ धरणाच्या भिंतीसारखी ताठ होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तपकिरीची डबी. तपकिरीने त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं. फुलाचा वास येत नसे आणि गटाराचाही येत नसे. पण जीभ तीक्ष्ण आहे, असा त्यांचा दावा होता. कोणतं दार किती उघडलं आहे ते मी चवीवरून सांगतो, असं ते साहेबांना सांगत आणि साहेब माना डोलवत.

"चिमणे, माझ्या पाण्याला नावं ठेवायला आलीस?"

"तुमच्या पाण्याला नाही, बाबा. तळाच्या पाण्याला. झाडं तोडायच्या आधीच धरण भरलं ना. ती कुजतायत अजून."

दादाने कप खाली ठेवला. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि फक्त विनोद म्हणून सांगितली जात होती. उद्घाटनाची तारीख वरून ठरून आली होती, निम्मं जंगल उभंच होतं, आणि तरुण धरणसाहेब हसत म्हणाले होते, "भरा! पाण्याखाली कोण बघतंय!" पुढे पोरांनी केर सतरंजीखाली सारला, तरी बाबा हेच म्हणत आणि घर हसत असे.

आज कुणी हसलं नाही. बाबांनी वहिनीने आणून ठेवलेला आपला स्टीलचा पेला उचलला, अर्धा प्यायले आणि टेबलावर आपटला.

"गोड! तुझ्या मशीनमध्ये खोट असेल."

चिमणीला राग आवरेना. तिने तोच पेला उचलला आणि उरलेलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं. आता या पाण्याची चव कशी आहे ते तोंडावर सांगू, असा तिचा बेत होता. पण तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

पाणी गोड होतं. गार, हलकं, कसलाही वास नसलेलं. ज्या नळाचं पाणी पीत ती वाढली, त्या नळाला हे पाणी सात जन्मांत देता आलं नसतं.

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला त्याच क्षणी फडताळातली साखर शोधायची अतिशय गरज वाटू लागली.

"वहिनी, मी मदतीला येते हं," चिमणी म्हणाली आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरून तिने दार लावून घेतलं.

"कुठलं पाणी हे?"

"ओरडू नका, वन्सं."

"कुठलं?"

वहिनीने ओट्याखालून झाकण लावलेला मोठा हंडा पुढे ओढला. "जुन्या दगडखाणीपलीकडे झरा आहे. तिथलं. रोज पहाटे आणते."

"कधीपासून?"

"या घरात आले त्या आठवड्यापासून. तुमच्या आईंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, दागिन्यांच्या किल्ल्या देतायत. त्यांनी हा हंडा दिला. म्हणाल्या, यांच्या तोंडात ते पाणी जाऊ द्यायचं नाही. यांना वाटतं ते गोड आहे. वाटू दे."

चिमणी पाटावर बसली. आईचा हात आठवला तिला. बाबांचा पेला कायम आतून, झाकून यायचा. बाकी सगळे नळाचं पीत. कुणी विचारलं नाही. बाबांचा पेला वेगळा, यात विचारायचं काय? पहिल्या दिवशीचं पाणी खरंच गोड असेल. दुसऱ्या उन्हाळ्यात जंगल कुजायला लागलं, तेव्हा आईने झरा शोधला असेल. नवऱ्याचा एक शब्द खरा ठरावा म्हणून जन्मभर हंडे वाहिले तिने.

"दादाला माहीत आहे?"

"तुमच्या दादांना त्यांच्या शर्टाचं बटण कोण लावतं ते माहीत नाही." वहिनी साखरेचा डबा विनाकारण पुसत होती. "शर्टसुद्धा झऱ्याच्या पाण्यात धुते. नळाच्या पाण्यात एकदा धुतला होता, लग्नानंतर. म्हणाले, तुझ्या माहेरी कपडे धुवायला शिकवलं नाही का? पुन्हा नाही धुतला."

"तुम्ही तरी एकदा बोलायचं!"

"तुम्ही बोललात? नळापाशी उभं राहून गोड म्हणालातच की. मीही म्हणाले. वास येत होता, तरी म्हणाले."

चिमणीने तिचा हात धरला. "वहिनी, आज एक दिवस. सभेत पेला तुम्हीच आणणार ना? नळाचा भरा. मी पाया पडते."

"नाही." वहिनीने हात सोडवून घेतला. "म्हातारा माणूस आहे. एक शब्द जपून ठेवलाय त्यांनी. तो चार लोकांत मोडायचा? आणि मग माझ्या घरात काय होईल? तुम्ही गाठोडं उचलून जाल. मी इथेच आहे."

"माझं दुकान जातंय हो."

"मला वाईट वाटतं," वहिनी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. पण झऱ्याचं पाणी जगमध्ये भरून, जग काखेत घट्ट धरूनच ती बाहेर गेली.

सभेला अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत गाद्या लावलेल्या, मागच्या रांगेत डुगडुगणाऱ्या. गाद्यांवर मंडळाचे साहेब आणि त्यांची माणसं. डुगडुगणाऱ्यांवर खालच्या गावचे लोक, त्यांच्यामध्ये इस्पितळाच्या भांडाराच्या बाई, पर्स मांडीवर उभी धरून. साहेबांनी भाषण केलं. धरणाने प्रकाश दिला, धरणाने प्रगती दिली, धरणाने काय काय दिलं ते सांगताना मधूनमधून ते नाकाला रुमाल लावत होते, कारण वारा नदीकडून येत होता.

चिमणीने उठून चादर उलगडली आणि खुर्च्यांमधून धरून चालत गेली. मागच्या रांगेत कुजबुज झाली. साहेबांनी चष्मा पुसला.

"कलात्मक आहे," ते म्हणाले.

मग दादा उठला. चिमणीकडे न बघता त्याने घसा साफ केला.

"घरचा विषय चव्हाट्यावर आणायची वेळ आली, याचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "माझी बहीण कष्टाळू आहे, पण धुणं ही एक कला आहे. पाण्याला दोष देणं सोपं असतं. हा माझा शर्ट बघा." तो माइकसमोरून बाजूला झाला आणि छाती पुढे काढून उभा राहिला. उन्हात शर्ट चमकला. "हा याच कॉलनीत, याच नळाच्या पाण्यात रोज धुतला जातो. आमच्या घरात कुणालाही पाण्याची तक्रार नाही. अवघड काहीच नाही त्यात. कुणीही धुऊ शकतं. फक्त नळाखाली धरायचा."

पुढची रांग हसली. भांडाराच्या बाईंनी शर्टाकडे पाहिलं, मग चादरीकडे पाहिलं, आणि चिमणीकडे पाहायचं टाळलं. चिमणीला कळलं, काम गेलं.

वहिनी ताटलीत पेला घेऊन पायऱ्यांवर उभी होती. काखेत जग. चिमणीने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की वहिनी आपल्या नवऱ्याच्या शर्टाकडे बघते आहे. आपण घडवलेली मूर्ती दुसऱ्याच्या नावाने विकली जाताना कारागिराने बघावी, तशी बघते आहे. *फक्त नळाखाली धरायचा.*

वहिनी पायऱ्या उतरली. जग तिने फुलझाडाच्या आळ्यात पालथा केला, सगळ्यांसमोर, शांतपणे, झाडाला पाणी घालावं तसा. मग नळापाशी गेली आणि पेला नळाखाली धरला. नळ खाकरला, थुंकला आणि वाहू लागला.

"बाबा," तिने पेला पुढे केला.

धरणसाहेब उठले. काठी चिमणीच्या हातात दिली. फोटोवाला सरसावला. पेला ओठांना लागला आणि एक मोठा घोट आत गेला.

नाक मेलं होतं, जीभ मेली नव्हती. सगळ्यांनी पाहिलं, की म्हाताऱ्याचा गाल थरथरला. घोट तोंडातच होता. तो थुंकावा की गिळावा, हा हिशोब त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. त्यांनी गिळला.

"म्हणा ना, बाबा," दादा माइकमध्ये कुजबुजला आणि ते सगळीकडे ऐकू गेलं.

"सूनबाई, कुठलं पाणी हे?"

"तुमच्या धरणाचं."

"रोजचं कुठलं असतं?"

वहिनीने मान खाली घातली. "झऱ्याचं. आईंनी सांगितलं होतं."

बाबा पेल्याकडे बघत राहिले. खिशातून तपकिरीची डबी काढली, उघडली, तशीच बंद केली. "झाडं," ते म्हणाले. माइकमध्ये नव्हे, स्वतःशीच. "अजून कुजतायत की."

मग त्यांनी पेला साहेबांपुढे धरला. "तुम्ही घ्या."

साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी पेला मिशीपर्यंत नेला, मिशी ओली केली आणि खाली ठेवला. "वा! गोड!"

"खरंच?"

"अगदी गोड!"

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आजवर आपल्यापुढे "गोड" म्हणालेले सगळे चेहरे त्यांना त्या एका ओल्या मिशीत दिसले असावेत. ते हसले. ते हसणं चिमणीला आवडलं नाही.

"थोरल्या, शर्ट काढ."

"बाबा?"

"कलाबिला नाही म्हणालास ना? कुणीही धुऊ शकतं? सूनबाईच धुवेल. हात रोजचेच, साबण रोजचा, ब्लीच रोजचं. पाणी फक्त या नळाचं. काढ."

"बाबा, लोक बघतायत!"

"बघू दे. पाण्याखाली नाहीयेस तू."

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि मग खुर्च्या एकदमच डुगडुगल्या. वीजघराचा मुख्य बनियनवर उभा राहिला. बनियनही पांढरंशुभ्र होतं. वहिनीने बादली आणली आणि त्या नळाखाली बसून आजवर धुतला नव्हता इतक्या प्रेमाने तो शर्ट धुतला. कॉलर घासताना तर ती चक्क गुणगुणत होती. चिमणीने आतून दोरी आणली. ती बांधायला दोनच जागा बऱ्या होत्या, एक फाटकाचा खांब आणि दुसरा समोरचा दिव्याचा. त्यामुळे दोरी रस्त्यावर आडवी आली आणि साहेबांची गाडी आत राहिली.

"मला पुढे एक बैठक आहे," साहेब म्हणाले.

"ही बैठकच आहे," बाबा म्हणाले. "शर्ट वाळेपर्यंत कुणी उठायचं नाही. तपासणी अर्धी सोडत नाहीत. माझ्या हाताखाली होतात तेव्हा मी तुम्हाला तेवढं तरी शिकवलं होतं."

ऊन कडक होतं. मंडळाचे लोक आणि खालच्या गावचे लोक, सगळे मिळून एका शर्टाकडे बघत बसले. असा समारंभ त्या कॉलनीत ना आधी झाला, ना नंतर. आधी बाह्या रंगल्या. मग पाठ. मग खिशापाशी एक काळा ठिपका उमटला, आणि त्याच्या सोबतीला आणखी उमटले. धाकटा हळूच उठून मागच्या रांगेत गेला आणि गाववाल्यांच्या शेजारी जाऊन बसला. "मी पहिल्यापासून सांगत होतो," तो त्यांना म्हणाला. त्यांनी खुर्च्या जरा लांब सरकवून घेतल्या.

शर्ट वाळला तेव्हा तो शर्ट राहिला नव्हता, कडक चहा झाला होता. भांडाराच्या बाई उठल्या. त्यांनी शर्ट दोन बोटांत चुरून पाहिला, चिमणीच्या हातातली चादर त्याच्याशेजारी धरली.

"दोन्ही डाग एकाच हाताचे वाटतात," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या." मग चिमणीकडे वळून हळू आवाजात, "काम काढून घेत नाही. पण पेशंटला असल्या चादरी किती दिवस घालू? पाणी बदलायचं बघा."

"ते माझ्या हातात असतं तर," चिमणी म्हणाली आणि दादाकडे पाहिलं.

"घाल," बाबांनी थोरल्याला सांगितलं.

दादाने शर्ट घातला. बटणं लावायला घेतली. एकाचं घर त्याला सापडेना. वहिनीने ते लावून दिलं नाही.

"बाबा, त्या दाराला गंज चढलाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. समजावणीचा सूर कुठेतरी हरवला होता. "वीजघर थांबवायचं म्हणजे परवानगी, कागद, वरून माणसं..."

"सूनबाई, पेला भर."

वहिनी सवयीने जग उचलून आत निघाली.

"तो नाही. नळाचा." बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी हात पुढे केला. "वरचं दार उघडेपर्यंत मी हेच पिणार. दुसरं पाणी दिलंस तर ओतून देईन. माझं वय थोरल्याला ठाऊक आहे, पाणी कसलं आहे तेही ठाऊक आहे. म्हातारा किती टिकेल याचं गणित त्याने मांडावं. इंजिनिअर आहे."

"बाबा, असं नका हो करू," चिमणी म्हणाली. तिला हवं होतं तेच घडत होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू गप. तुझ्या आईने हंडे वाहिले. मला एक पेला जड आहे?"

त्यांनी पेला तोंडाला लावला. फोटोवाला, साहेब, अख्खं गाव, सगळे जुन्या सवयीने त्या एका शब्दाची वाट बघू लागले. बाबांनी पेला रिकामा केला, ओठ पुसले.

"कडू," ते म्हणाले.

दादा फाटकाकडे चालू लागला. आधी चालत, मग जवळजवळ पळत, वाटेत ज्याला त्याला ग्रीसचा डबा कुठे आहे ते विचारत. दोरीखालून वाकून तो निघाला, तेव्हा पहारेकऱ्याने वर पाहिलं. मळका शर्ट, उघडं बटण, उडालेला चेहरा. घरच्यांनी हाकलून दिलेला कुणीतरी असावा, असा त्याने अंदाज केला आणि मोठ्या सहानुभूतीने फाटकाची दोन्ही दारं उघडली. सकाळी त्याचा अंदाज चुकला होता. या वेळी नाही.